जुलैत ग्रीस: असीर्तिको प्यायची की मोस्कोफिलेरो?

मावसबहिणीचा मेसेज आला की दादा आम्ही जुलैत ग्रीसला चाललोय, आठ दिवस, त्यात एकच वायनरी बसतेय, सांतोरिनीची करू की दुसरी कुठली, आणि एवढ्या उन्हात नक्की काय प्यायचं असतं. मी स्टुटगार्टला राहतो, इथे ग्रीक लोक भरपूर आणि घरांना एसी नाही, त्यामुळे जूनपासून माझ्या फ्रिजच्या दारात ताकाच्या शेजारी एखादी ग्रीक बाटली असतेच. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर टाकतोय.

माझ्या डोळ्यासमोर दोन वायनरी आहेत, दोन्ही घरच्याच, म्हणजे कुटुंबाच्या. एक सांतोरिनी बेटावरची आर्गिरोस, 1903 पासून चालू, आता चौथी पिढी बघते. दुसरी त्सेलेपोस, दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज भागात त्रिपोलीजवळ रिझेस गावापाशी, यानिस त्सेलेपोस या मूळच्या सायप्रसच्या माणसाने फ्रान्समध्ये दिजोंला शिकून 1989 मध्ये बायकोबरोबर सुरू केलेली. पहिलीची ओळख असीर्तिको, दुसरीची मोस्कोफिलेरो, ही द्राक्षांच्या जातींची नावं आणि त्यांच्या वाईनचीही. दोन्ही वाईन पांढऱ्या, दोन्ही थंड प्यायच्या, आणि साम्य इथेच संपलं.

असीर्तिको म्हणजे खणखणीत आंबट. पहिला घोट घेतला की जबड्याच्या मागे पाणी सुटतं, कैरी बघून सुटतं तसं, आणि मग जिभेवर मीठ लावल्यासारखी चव मागे राहते. फळाचा गोड वास वगैरे शोधत बसू नका, फारसा नाहीच. ही चव कुठून येते ते वेल बघितल्यावर पटतं. नाशिककडे खायच्या द्राक्षांचा मांडव असतो, आपण खाली उभं राहून वर बघतो, सांतोरिनीत उकिडवं बसावं लागतं, कारण वेल जमिनीवर टोपलीसारखी गोल वळवलेली असते आणि घड त्या टोपलीच्या आत. याला ते कुलूरा म्हणतात. वरून वारा एवढा सुटतो की उभी वेल टिकणार नाही, पाऊस जवळजवळ नाहीच, जे काय ओल मिळते ती समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेची. माती ज्वालामुखीची, राखाडी भुसभुशीत, त्यात चिकणमाती नसल्याने 19व्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा खाणारी फिलॉक्सेरा कीड इथे टिकलीच नाही, म्हणून वेली अजून स्वतःच्याच मुळांवर, कलम न केलेल्या.

आता उन्हाळ्याच्या दृष्टीने यात गोची काय आहे ते सांगतो, कारण मी स्वतः फसलोय. आंबट आणि थंड म्हणून ती हलकी वाटते, पण अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्के असतं. पहिल्या वेळी मी सांतोरिनीला भर दुपारी एका गच्चीवर बसून दोन ग्लास सरबतासारखे मारले आणि मग तो जगप्रसिद्ध सूर्यास्त हॉटेलच्या खोलीत घोरत घालवला, बायको अजून ऐकवते. ही संध्याकाळची वाईन आहे, आणि सोबत खायला हवंच. शाकाहारींची अजिबात पंचाईत नाही बरं का, तिथला फावा हा प्रकार दिसायला हुबेहूब घट्ट पिठलं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह ऑइल, आणि टोमॅटोकेफ्तेदेस म्हणजे सरळ टोमॅटोची भजी. मासे खाणाऱ्याला तर विचारूच नका. घरी मी सुरमई फ्रायबरोबर पितो, लिंबू पिळायची गरजच पडत नाही.

मोस्कोफिलेरो अगदी उलट. ग्लास नाकाशी नेला की गुलाब, त्यामागे लिंबाच्या फुलांचा वास, आणि आपण म्हणतो आता गोड लागणार, तर नाही, कोरडीच. द्राक्षाची साल गुलाबी-करडी असते पण वाईन पांढरी निघते. ती पिकते ते त्रिपोलीजवळचं मांतिनियाचं पठार साडेसहाशे मीटर उंचीच्या आसपास, दिवसा कितीही तापलं तरी रात्री गार, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं, सांतोरिनीची तोडणी ऑगस्टमध्ये होते तर इथे सप्टेंबरअखेर नाहीतर ऑक्टोबर उजाडतो. अल्कोहोल साधारण साडेअकरा-बारा टक्के. म्हणजे दुपारी एक वाजता फेटा, काकडी, कलिंगड घेऊन सावलीत बसायचं असेल तर हीच. भेळेबरोबर पण मस्त जाते. मात्र तळलेल्या माशासमोर किंवा ग्रिल्ड ऑक्टोपससमोर ती बिचारी गायब होते.

खिशाचं म्हणाल तर फरक मोठा आहे. ग्रीसमध्येच सांतोरिनीच्या चांगल्या असीर्तिकोची बाटली तिशीच्या पुढे युरो घेते, बेटावर जागा कमी, पीक कमी आणि मागणी जगभरातून. मांतिनियाची मोस्कोफिलेरो दहा ते पंधरात येते. दुप्पट पैशात दुप्पट मजा येते का? संध्याकाळी हो, दुपारी अजिबात नाही.

जायचं कुठे, तर सांतोरिनी तुमच्या प्लॅनमध्ये आधीच असेल तर आर्गिरोस करा, बेटावरचं मुख्य गाव फिरा, तिथून पाच-सहा किलोमीटर आहे. पण फक्त वाईनसाठी बेटावर जाऊ नका, जुलैत गर्दी आणि हॉटेलचे भाव बघून घाम फुटतो. त्यापेक्षा नाफ्प्लियोला दोन रात्री राहा, सुंदर जुनं बंदर आहे, तिथून त्सेलेपोसची त्रिपोलीची बाजू गाडीने तासाभरावर. फक्त गाडी कोण चालवणार ते आदल्या दिवशी भांडून ठरवा. तिथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम, टेस्टिंगला थुंकायला भांडं ठेवतात खरं पण पैसे मोजून घेतलेली वाईन थुंकणं आपल्याला काही जमत नाही. माझी बहीण पीत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला, दाजी खूश.

आणि दोन्ही जमलं नाही तरी हरकत नाही. कुठल्याही खानावळीत सुट्टी पांढरी वाईन मागा, ती तिथे किलोवर मिळते, मिसो किलो म्हणजे अर्धा किलो, अर्धा लिटरचा जग, आणि त्यात बर्फ टाकला तरी कोणी नावं ठेवत नाही. रेत्सिना मात्र आधी एक ग्लास मागवून बघा, पाइनच्या डिंकाचा वास असतो, कोणाला वेड लागतं तर कोणाला फर्निचर पॉलिश आठवतं. मला आवडते, घरात मी एकटाच.

थंड किती, हा प्रश्न हमखास येतो. मोस्कोफिलेरो 8-10 डिग्री, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी. असीर्तिको 10-12, अजून थोडं थांबा, एकदम गार प्यायली तर नुसतं आंबट पाणी लागतं आणि तीस युरो वाया.

परत येताना भारतात माणशी दोन लिटर ड्यूटी-फ्री आणता येते. दोन साध्या बाटल्या आणि वीनसांतोची, म्हणजे द्राक्षं उन्हात वाळवून केलेल्या सांतोरिनीच्या गोड वाईनची, अर्ध्या लिटरची एक बाटली घेतली की बरोब्बर दोन लिटर भरतात. चेक-इन बॅगेत जीन्समध्ये गुंडाळा, आणि त्याआधी दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या उन्हात डिकीची भट्टी होते.