डेटा चोरीनंतर कीपास: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस लागून चार दिवस झाले असतील, रात्री साडेदहाच्या सुमारास कुडाळहून मावसभावाचा फोन आला. "गो ताय, माझी आयडी गेली," एवढेच ऐकू आले आणि रेंज गेली. पुन्हा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात त्याच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कोणीतरी बदलून टाकला होता. खाते परत मिळवण्यासाठी मोबाईलवर येणारा कोड हवा होता, पण त्यांच्याकडे संध्याकाळपासून वीज नव्हती आणि त्या फोननंतर टॉवरही बंद पडला. कोडचा एसएमएस सकाळी सात वाजता आला. दहा मिनिटे चालणारा कोड कित्येक तासांनी हातात पडला.

आम्ही तिघे, म्हणजे मी वेंगुर्ल्यात, तो कुडाळला आणि आतेभाऊ डोंबिवलीला, तीन वर्षे एकाच ऑनलाइन गेमिंग सेवेवर खेळत होतो. त्या सेवेचे नाव मी लिहीत नाही. त्या रात्रीनंतर जे वापरू लागले, त्या कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या साधनाविषयी मला लिहायचे आहे. मात्र ते का वापरावे लागले हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही.

या घटनेनंतर नऊ दिवसांनी सेवेचा ईमेल आला. आमच्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाला असून नावे, ईमेल, जन्मतारखा आणि हॅश स्वरूपातील पासवर्ड गेले आहेत, असे त्यात होते. हॅश म्हणजे पासवर्ड दळून केलेले पीठ. पिठापासून दाणा परत मिळत नाही, म्हणून कंपन्या धीर देतात. परंतु चोर दाणा परत मिळवायच्या फंदात पडतच नाही. तो लोकांनी नेहमी ठेवलेले लाखो पासवर्ड स्वतः दळतो आणि कोणते पीठ जुळते ते पाहतो. प्रत्येकाच्या पिठात वेगळे मीठ, म्हणजे सॉल्ट, मिसळलेले असेल तर हे काम फार लांबते. तरीही नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड त्यातही फार काळ टिकत नाही. मावसभावाचा पासवर्ड नेमका तसा होता, आणि तोच त्याच्या ईमेललाही होता.

आमच्या खेळणाऱ्यांच्या गटात चाळीसेक जण आहेत. पहिल्या दिवशी प्रचंड संताप होता. आतेभावाने गेम काढून टाकला. काहींनी भरपाई मागितली, काहींनी "माझ्याकडून काय नेणार, दोन स्किन?" म्हणून विषय सोडला. मग सेवेने सर्वांना थोडे कॉइन, म्हणजे खेळातले पैसे, आणि एक स्किन, म्हणजे खेळातल्या पात्राचा पेहराव, फुकट दिली आणि दोन दिवसांत गट शांत झाला. मला हे फार लागले. कॉइन मिळाले म्हणून जन्मतारीख परत येत नाही, आणि ज्या नऊ दिवसांत आम्ही पासवर्ड बदलू शकलो असतो ते दिवसही परत येत नाहीत.

असे पूर्वीही घडले आहे. एप्रिल 2011 मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन गेमिंग सेवेतून सुमारे 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती गेली. सोनीने 20 एप्रिलला सेवा बंद केली, पण माहिती गेल्याचे खेळाडूंना 26 एप्रिलला सांगितले. सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली आणि परत आली तेव्हा सोबत मोफत गेम होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या प्रकरणी जानेवारी 2013 मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला. लोकांना गेम लक्षात राहिले. मधले सहा दिवस फार थोड्यांना आठवत असतील. मला त्या दिवसांचेच महत्त्व अधिक वाटते.

मावसभावाचे खाते गेल्यावर मी रात्रभर वहीत स्वतःची यादी केली. एकूण 47 खाती निघाली, त्यांपैकी 19 ठिकाणी माझा एकच पासवर्ड होता. मी काजू प्रक्रिया करणाऱ्या तीन कारखान्यांचे हिशेब पाहते. त्यांच्या जीएसटी पोर्टलचा पासवर्डही मी खेळायच्या खात्याचाच ठेवला होता. एका ठिकाणी चोरलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी शंभर ठिकाणी लावून पाहणे ही आता चोरांची नेहमीची रीत आहे, आणि त्यासाठी माणूसही लागत नाही, प्रोग्राम पुरतो. कार्डाची भीती त्या मानाने कमी होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2022 पासून देशातील व्यवहारांसाठी दुकानदारांना ग्राहकांचे कार्ड क्रमांक साठवता येत नाहीत, त्यांच्याकडे टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी चालणारा सांकेतिक क्रमांक, असते. माझी काळजी तीन कारखान्यांच्या विवरणपत्रांची होती.

कीपास निवडण्याचे कारण आमचा पाऊस. पासवर्ड सांभाळणारी बहुतेक साधने आपली तिजोरी, म्हणजे सगळ्या पासवर्डांचा साठा, कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. कीपास 2003 पासून आहे, मोफत आहे, त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांना वाचून पाहता येतो आणि त्याची तिजोरी म्हणजे आपल्याच उपकरणावरची एक कुलूपबंद फाईल असते. ती उघडायला इंटरनेट लागत नाही. मी संगणकावर कीपासएक्ससी आणि फोनवर कीपासडीएक्स वापरते. ही दोन्ही वेगळ्या लोकांनी केलेली साधने आहेत, पण फाईल एकच चालते.

पहिला आठवडा कंटाळवाणा होता, हे प्रामाणिकपणे सांगते. 47 ठिकाणी जाऊन प्रत्येक पासवर्ड बदलायचा, तोही जुलैच्या पावसात, वीज असेल त्या वेळेत. क्रम मात्र मी नीट ठरवला होता: आधी ईमेल, मग जीएसटी आणि बँक, मग गेम, शेवटी बाकीचे. ईमेल ज्याच्या हातात आहे, त्याला इतर सगळ्या ठिकाणचा पासवर्ड नव्याने मागता येतो, म्हणून ते पहिले. कीपासएक्ससीमध्ये एक सोय फार उपयोगी पडली. आपला पासवर्ड पूर्वीच्या एखाद्या चोरीत बाहेर आला आहे का, हे ते हॅव आय बीन पोन्ड या संकेतस्थळाच्या साठ्याशी ताडून सांगते, आणि त्यासाठी पासवर्ड बाहेर पाठवत नाही, त्याच्या हॅशची केवळ पहिली पाच अक्षरे पाठवते. माझा तो 19 ठिकाणचा पासवर्ड त्या साठ्यात निघाला. तो किती वर्षांपासून तिथे होता, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

एसएमएसच्या कोडला पर्याय मिळाला, हा मला आठ महिन्यांतला सर्वांत मोठा लाभ वाटतो. खाते जोडताना सेवा आपल्याला एक गुप्त किल्ली क्यूआर कोडमधून देते. त्या किल्लीवरून आणि घड्याळातील वेळेवरून फोन दर तीस सेकंदांनी सहा अंकी कोड स्वतः तयार करतो. सेवाही तिच्याकडे तेच गणित करते. मध्ये टॉवर लागत नाही, एसएमएस लागत नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री वारा सुटला, गावात ठिकठिकाणी झाडे पडली आणि तीन दिवस मोबाईलला रेंज नव्हती. शेजारच्या काकांकडे त्यांच्या केबलवाल्याचे इंटरनेट तेवढे इन्व्हर्टरवर चालू होते. त्यांच्या पडवीत बसून मी कारखान्याच्या ईमेलमध्ये शिरले, कोड फोनवर दिसला, विवरणपत्राची कागदपत्रे वेळेत पाठवली. कुडाळला जूनमध्ये हे असते तर मावसभावाला खाते त्याच रात्री परत मिळण्याची निदान संधी तरी होती. कीपासमध्येही हे कोड ठेवता येतात, पण पासवर्ड आणि कोड दोन्ही एकाच तिजोरीत ठेवणे मला पटले नाही, म्हणून कोडसाठी एजिस हे वेगळे ॲप ठेवले आहे. फोनचे घड्याळ मात्र बरोबर हवे, ते मागेपुढे असेल तर कोड चालत नाही.

गैरसोयीही आहेत. फाईल आपली असल्यामुळे ती एका उपकरणातून दुसऱ्यात नेण्याचे कामही आपलेच. सप्टेंबरमध्ये मी फोनवर एक पासवर्ड बदलला, संगणकावर दुसरा बदलला आणि घाईत जुनी फाईल नव्यावर चिकटवली. एक पासवर्ड कायमचा गेला. चूक सर्वस्वी माझी होती. दोन फाईली एकत्र करण्याची सोय कीपासएक्ससीमध्ये आहे आणि आता मी तीच वापरते. दुसरी अडचण गेम खेळताना येते. चोवीस अक्षरांचा पासवर्ड टीव्हीच्या पडद्यावर कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत भरणे हा छळ आहे. तिथे मी शब्दांची लांब माळ ठेवते, भरायला सोपी आणि तोडायला कठीण. तिसरी अडचण आपल्या हवेची. प्रत म्हणून ठेवलेल्या पेन ड्राइव्हचे टोक खाऱ्या हवेने दोन महिन्यांत हिरवट पडले. आता तो घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत असतो, आणि दुसरी प्रत डोंबिवलीला आतेभावाकडे आहे. मुख्य पासवर्ड विसरला तर कोणीही तो परत देऊ शकत नाही, म्हणून तो एका कागदावर लिहून आईच्या ट्रंकेत, घराच्या कागदपत्रांमध्ये ठेवला आहे.

गणपतीत सगळे घरी आले तेव्हा, दीड दिवसाच्या विसर्जनानंतर, पडवीत चटईवर पाच फोन मांडून मी भावंडांची खाती एकेक करून बदलली. मावसभावाने पहिल्यांदा मुख्य पासवर्ड ठरवताना पाठ फिरवली आणि ओठ हलवत तीन वेळा म्हणून पाहिला. त्याचे जुने खाते त्याला परत मिळाले नाही. सेवेने दोनदा अर्ज भरून घेतला आणि मालकीचा पुरावा अपुरा असल्याचे कळवले. इतक्या वर्षांची रँक गेली, त्याचे दुःख त्याला अजून आहे, आणि त्याला "नुसता गेम तर आहे" असे कोणी म्हटले की मला राग येतो. ज्या वर्षी त्याचे वडील गेले, त्या वर्षी रात्री तो आमच्याशी बोलायचा तो याच खेळातून.

कायद्याविषयी थोडे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपनीने अशी घटना सहा तासांत त्या यंत्रणेला कळवायची असते. ज्याची माहिती गेली त्यालाही कळवण्याचे बंधन 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे, आणि माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. ती मुदत संपेपर्यंत आमच्यासारख्यांना नऊ दिवसांनी ईमेल येत राहतील, आणि हे मला चुकीचे वाटते. मावसभावाच्या वतीने मी 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पैसे गेलेले नसले तरी तक्रार घेतली गेली, त्याचा क्रमांक मिळाला.

आज माझ्या फाईलमध्ये 52 नोंदी आहेत आणि कोणतेही दोन पासवर्ड सारखे नाहीत. वापर सवयीचा झाला आहे. सकाळी संगणक लावला की मुख्य पासवर्ड एकदा टाकते, बाकी दिवसभर विचार करावा लागत नाही. ज्याच्याकडे चांगली रेंज आहे आणि फाईल सांभाळण्याची चिकाटी नाही, त्याने सर्व्हरवर तिजोरी ठेवणारे साधन घेतले तरी चालेल. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मी कीपासच सुचवेन. त्या गेमिंग सेवेवरचे माझे खाते मी ऑक्टोबरमध्ये बंद करण्यास सांगितले आणि माझी माहिती पुसली गेल्याचे लेखी कळवा असेही लिहिले. खाते बंद झाले, दुसऱ्या मागणीला उत्तर आलेले नाही. शिमग्याला भावंडे येतील तेव्हा मामीचा आणि धाकट्या भाच्याचा असे दोन फोन राहिले आहेत, ते करायचे आहेत.