प्रायर माउंटनचे रानटी घोडे आणि नोंदींचं काम : वॉलंटियर प्रोग्रॅमचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

घोड्याच्या मानेवरून हात फिरवायला मिळेल म्हणून यायचा विचार असेल तर येऊच नका. अमेरिकेत मॉन्टाना-वायोमिंगच्या सीमेवरच्या या रेंजमध्ये (म्हणजे रानटी घोड्यांसाठी राखलेल्या भागात) घोड्यांपासून किमान १०० फूट लांब राहायचं असतं, आणि खायला घालायचं तर नावच काढायचं नाही. दुर्बीण, वही आणि धीर, बास एवढंच काम. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

ट्रेनिंग मात्र एक नंबर! सुरुवातीला सगळे घोडे सारखेच वाटतात, बऱ्याच जणांच्या पाठीवर काळी रेघ आणि पायांवर झेब्र्यासारखे पट्टे, ओळखायचं कसं? मग शिकवतात की कपाळावरचा पांढरा ठिपका बघा, कुठला पाय कुठपर्यंत पांढरा आहे ते बघा, आयाळ कुठल्या बाजूला पडते, अंगावर जुने व्रण आहेत का, आणि फोटो दोन्ही बाजूंनी काढा. मग हळूहळू घोडा ओळखीचा होतो.

नोंद काय करायची तर कुठल्या टोळीत कोण आहे, नर कोण, शिंगरू कुणाचं, आणि तब्येत १ ते ९ च्या स्केलवर (१ म्हणजे नुसती हाडं, ९ म्हणजे गोलमटोल). टोळ्या बदलत राहतात हे मला सगळ्यात भारी वाटलं. बिनजोडीचे तरुण नर आसपास घुटमळत असतात, संधी मिळाली की घोडी पळवतात, म्हणजे कालची नोंद आज जुनी. आणि दुसऱ्या नराची लीद हुंगून त्यावर आपली टाकायचा जो इगो आहे ना, तो बघायलाच हवा 😄

हा नुसता टाइमपास नाहीये. रेंज १९६८ पासूनची आहे, १९७१ च्या कायद्याने घोड्यांना संरक्षण आहे, पण जागा आणि चारा मर्यादित, म्हणून घोड्यांना डार्टने पीझेडपी नावाची गर्भनिरोधक लस देतात. घोड्यांना म्हणजे घोडींना! आता कुठल्या घोडीला डोस झाला, तिला आधी किती शिंगरं झाली, हे ओळख पक्की नसेल तर कळणार कसं?

आता कुरकुर. तिकडे मिळालेली दुर्बीण जुनी, एका डोळ्याचा फोकस कायम सैल. तीच माहिती ॲपमध्ये भरा आणि परत कागदावर पण लिहा, का ते देव जाणे. उन्हाळ्यात घोडे वरच्या कुरणांवर असतात आणि तिथे जायला उंच बॉडीची फोर-बाय-फोर लागते, रस्ता दगडधोंड्यांचा आहे, पण हे त्यांच्या ईमेलमध्ये अगदी शेवटच्या ओळीत होतं! भाड्याची साधी गाडी बुक केली असती तर पायथ्याशीच बसावं लागलं असतं.

एक स्टार कापला तो त्या दुर्बिणीचा. ८x४२ किंवा १०x४२ (म्हणजे ८ किंवा १० पट मोठं दाखवणारी) स्वतःची आणा, आणि टेलिफोटो लेन्स असेल तर तीही, कारण मोबाइलच्या झूममध्ये पायावरचा पांढरा पट्टा आणि वाळलेला चिखल सारखाच दिसतो.