सोळा लिटरचा बॅटरी पंप: दोन मोहरांचा अनुभव

बेळगाव तालुक्यात आमची दीड एकर जमीन असून, फाल्गुनाच्या सुमारास मसूर निघाली की घरातील सर्वांचे लक्ष बांधावरच्या आंब्यांकडे आणि विहिरीजवळच्या मिरचीकडे वळते. फवारणीच्या हातपंपाचा दांडा मारून वडिलांचा खांदा धरू लागल्याने गेल्या वर्षी १६ लिटरचा, १२ व्होल्ट बॅटरीचा हा पाठीवरचा पंप घेतला.

मोहरावरील भुरी या बुरशीजन्य रोगासाठी ८० टक्के विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, म्हणजे भरल्या टाकीला ३२ ग्रॅम, या हिशेबाने आम्ही ऊन चढण्यापूर्वी फवारतो. दाब एकसारखा राहत असल्याने फवारा बारीक पडतो आणि औषध पानांवरून ओघळून वाया जात नाही, हा या पंपाचा खरा गुण होय. उंच शेंड्यांसाठी मात्र लांब नळी वेगळी घ्यावी लागली. भरलेला पंप वीस किलोंच्या पुढे जातो. आई तो दहा लिटरच भरते, आणि तेच शहाणपणाचे आहे.

तक्रार झाकणाच्या वॉशरची. दुसऱ्याच आठवड्यात गंधकाचे पिवळट पाणी सदऱ्यातून कमरेपर्यंत झिरपले, तेव्हा दुकानदाराने "जरा आवळून लावा की" एवढेच सांगितले. अखेर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून बसवली; तेव्हापासून थेंबही गळलेला नाही. सूचनापत्रक मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही, त्यामुळे या बाबतीत तरी सीमाभागात कुणावर अन्याय झालेला नाही.