पावत्या झकास सांभाळतं, पण वर दिसणारा तो हिरवा आकडा मनावर घेऊ नका

फ्रीलान्सर आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी खर्च नोंदवायची ॲप्स असतात ना, त्यातलं एक मी वापरतोय, पैसे भरून. नाव टाकत नाही. पाचपैकी तीन स्टार, आणि ते तीनही पावत्यांसाठी.

तर आधी पावत्या. फोटो काढला की रक्कम, तारीख, विकणाऱ्याचं नाव आपोआप उचलतं आणि बहुतेक वेळा बरोबर उचलतं, हाताने लिहिलेलं बिल असेल तर मात्र गडबडतं, तिथे स्वतः तपासा. ज्यांना वाटतं पावत्या पाकिटात कोंबून ठेवल्या की काम झालं, त्यांनी एकदा जुनं पाकीट उघडून बघावं. थर्मल पेपरवरची, म्हणजे बिलाच्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची छपाई उन्हाने, उष्णतेने उडून जाते आणि हातात राहतो कोरा कागद, त्यावर कोण वजावट देणार, म्हणजे टॅक्सच्या हिशोबात तो खर्च कोण उत्पन्नातून कमी करू देणार. दुसरं म्हणजे प्रत्येक खर्चाखाली टीप लिहायची जागा आहे, कुठल्या क्लायंटसाठी, कुठल्या कामासाठी. कंटाळा येतो पण लिहाच. बँक स्टेटमेंट फक्त पैसे गेले एवढंच सांगतं, आणि वजावटीचा सगळा खेळ ते कशासाठी गेले यावर असतो.

आता तक्रार. ॲप उघडलं की सगळ्यात वर मोठ्या हिरव्या अक्षरात "तुमची बचत" म्हणून एक आकडा येतो, आणि तो काय असतो तर आतापर्यंत टाकलेल्या सगळ्या खर्चांची बेरीज! अरे ही बचत कुठून झाली? वजावट टॅक्समधून होत नाही, ज्यावर टॅक्स लागतो त्या उत्पन्नातून होते. तुम्ही २० टक्क्यांच्या दरात बसत असाल तर १००० खर्च केल्यावर टॅक्स वाचतो २००, उरलेले ८०० तुमच्याच खिशातून गेले. खर्च गरजेचा होता तर ठीकच आहे, पण वर्षअखेरीला "टॅक्स वाचेल" म्हणून नको असलेली वस्तू घेणाऱ्याला हा आकडा अजूनच चढवतो. आकडा वाढला की वर फुगे उडतात, खरंच. खर्च केल्याबद्दल अभिनंदन.

आणि बेरीज तरी बरोबर खर्चांची असावी ना. बिझनेस अकाउंटमधून पैसे गेले की सरसकट "बिझनेस"चा शिक्का. कपड्यांसाठी तर वेगळी कॅटेगरीच दिली आहे. ब्रिटनमध्ये ॲन मॅलालू या बॅरिस्टर बाई कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागत थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेल्या होत्या, आणि १९८३ साली हरल्या, कारण काय तर कपडे अंग झाकायला आणि ऊब यायलाही लागतातच, म्हणजे ते निव्वळ धंद्यासाठी नाहीत. ब्रिटन काय किंवा भारत काय, कायद्याची भाषा साधारण तीच आहे, खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी हवा. मग ऑफिसात घालायला घेतलेला साधा शर्ट यात कसा बसणार? फोन, इंटरनेट यांचा धंद्यापुरता हिस्सा दाखवता येतो, पण या ॲपमध्ये टक्केवारी टाकायची सोय तीन मेनूंच्या आत लपवली आहे, न सांगता कुणाला सापडायची नाही.

सगळ्यात जास्त वैताग गाडी आणि घर या दोन गोष्टींनी आणला. ॲप मूळचं अमेरिकन, त्यामुळे गाडी किती मैल चालली ते विचारतं आणि दराने गुणून मोकळं होतं. तिकडे ते चालतं, २०२५ साठी मैलाला ७० सेंट असा दरच ठरवून दिला होता. ब्रिटनमध्येही मैलावर दर आहे. भारतात स्वतःचा धंदा करणाऱ्याला असा ठोक दर नाही, पेट्रोल, दुरुस्ती, विमा, घसारा (वस्तू जुनी होते तशी दरवर्षी धरायची किमतीतली घट) यातला धंद्याचा हिस्सा काढावा लागतो, मग हा आकडा घेऊन करायचं काय? घराचंही तसंच, खोलीचं क्षेत्रफळ टाकलं की चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट. हाही अमेरिकेतलाच सोपा हिशोब, आणि तिथेही ती जागा नियमित आणि फक्त कामासाठीच लागते, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला तर नाही चालत. ॲप हे विचारतच नाही.

भारतातल्या लोकांसाठी अजून दोन गोष्टी, कारण ॲप सांगणार नाही. लॅपटॉपची पूर्ण किंमत त्याच वर्षी खर्चात टाकतं, आपल्याकडे त्यावर ४० टक्के घसारा मिळतो आणि त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. आणि एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर काही ठरावीक अपवाद सोडले तर तो खर्च धरतच नाहीत, "कॅश" असा पर्याय निवडला तरी ॲप गप्प. ज्या व्यावसायिकांनी अंदाजित उत्पन्नाची योजना घेतली आहे, म्हणजे मिळालेल्या पैशातला निदान निम्मा भाग उत्पन्न धरायचा, त्यांनी तर वजावटीसाठी हे घेऊच नये, सगळे खर्च उरलेल्या निम्म्यातच आले असं मानलं जातं. धंदा कुठे पैसे खातोय ते बघायला घ्या हवं तर.

माझ्यापुरतं म्हणाल तर चालू ठेवणार आहे, पण फक्त पावत्या जपायला. मैल आणि घराचे दोन्ही भाग सेटिंगमध्ये जाऊन बंद केलेत, हिरवा आकडा मात्र बंद करता येत नाही, सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं की युजरना तो आवडतो, बरं.

घेणाऱ्यांनी एक बघून ठेवा, सबस्क्रिप्शन संपलं की जुन्या पावत्या दिसतात पण डाउनलोड होत नाहीत. आणि रेकॉर्ड तर नंतरही वर्षानुवर्षं ठेवावं लागतं, ब्रिटनमध्ये स्वयंरोजगारवाल्यांना ३१ जानेवारीच्या मुदतीनंतर निदान ५ वर्षं. एक्सपोर्टचं बटण रिपोर्टमध्ये नाही, प्रोफाइलमध्ये आहे, आणि "फोटोसह" वर टिक केली नाही तर नुसती आकड्यांची फाइल येते.