दहा महिने सरकारी दवाखान्यात: शुगर, बीपी आणि एक पिवळं कार्ड

मी ब्लाउज शिवते. पुण्यात पर्वती-दत्तवाडीच्या पट्ट्यात राहते. दहा महिन्यांपूर्वी आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा भरायचा म्हणाल्या. तंबाखू खाता का, किती चालता, आईवडिलांपैकी कुणाला शुगर होती का, असे प्रश्न. मग कंबर मोजायची वेळ आली, तर त्यांचा टेप घरी राहिलेला. मी मशीनवरचा माझा दिला. अख्ख्या गल्लीची मापं मी घेते, माझं माप पहिल्यांदाच कुणी घेत होतं.

"सदतीस," मी सवयीने सांगून टाकलं.

"इंच नको ताई, सेंटीमीटर."

चौऱ्याण्णव भरलं. बायकांची कंबर 80 पर्यंत असेल तर शून्य गुण, 81 ते 90 ला एक, त्याच्या वर दोन. सगळ्या उत्तरांचे गुण मिळवायचे आणि बेरीज 4 च्या वर गेली की सरकारी आरोग्य केंद्रावर तपासणीला जायचं. माझी गेली. केंद्रावर बोटातून रक्त घेतलं तर शुगर 243. दोन दिवसांनी उपाशीपोटी 168. उपाशीपोटी 126 किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह धरतात. बीपीही वाढलेलं निघालं.

त्याआधी दोन वर्षं मी डोकेदुखीसाठी एका खाजगी दवाखान्यात जात होते. दोनशे रुपये, एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या सुट्या गोळ्या. बीपी तिथे दोनदा पाहिलं, तेही बाहीवरूनच. शुगर कधीच नाही.

सरकारी केंद्रात बीपी मोजायला बसले तर सिस्टर म्हणाल्या, "काकू, आधी पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर टेका. पायावर पाय नको. बाही वर करा." बाही वर जाईना. माझीच शिवलेली, दंडाला घट्ट. तीन बोटं सरकली आणि अडकली. शेवटी पडद्याआड जाऊन हात बाहेर काढला. दोनदा मोजलं, मध्ये बोलू दिलं नाही. 166/98. "ब्लाउज सैल शिवत जा," एवढं बोलून त्यांनी पिवळ्या कार्डावर आकडा लिहिला. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तिथल्या माणसांशी माझं वैर नाही.

केंद्रावरच्या नावाच्या बोर्डाची एक गंमत आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली, तिच्यात होतं की तीस वर्षांवरच्यांना बीपी, शुगर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासायचं. तेव्हा अशा केंद्रांना आपल्याकडे आरोग्यवर्धिनी म्हणायला लागले. 2023 मध्ये ती आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली. वस्तीत मात्र सगळे अजून 'दवाखाना'च म्हणतात. शहरात साधारण 50,000 लोकांमागे असं एक केंद्र हवं, असा नियम आहे. सोमवारी रांगेत उभं राहिलं की वाटतं, हे 50,000 आजच आलेत.

तर वेळेचं आधी सांगते. गोळ्यांना पैसे पडत नाहीत, पण सकाळ जाते. केसपेपरची खिडकी, मग सिस्टर, मग डॉक्टर मॅडम, मग गोळ्यांची खिडकी. लवकर गेलं तरी दोन-अडीच तास. तेवढ्यात माझा एक अस्तराचा ब्लाउज होतो, त्याची मजुरी मी धरते. लसीकरणाच्या दिवशी तर जाऊच नका, पोरांच्या रडण्यात नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. आणि आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दोन दिवसांत निम्मा स्टाफ वारकऱ्यांच्या सेवेला असतो. त्यावर तक्रार कशी करणार, मीही त्या स्टाफमधल्याच एकीच्या हातचं पाणी प्यायले आहे.

उपचार सरळ होते. आधी शुगरसाठी मेटफॉर्मिन 500 आणि बीपीसाठी अम्लोडिपिन 5. महिन्याने बीपी 140/90 च्या खाली आलं नाही, तेव्हा टेल्मिसार्टन 40 जोडली. प्रत्येक वेळी तीस दिवसांच्या गोळ्या एकदम, पट्टीवर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं. सासूबाईंना या शिक्क्याचा फार संशय. "जे विकत नाहीत ते बरं कसं असेल?" पण तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 9.1 वरून सहा महिन्यांत 7.4 झाली. मग त्या गप्प बसल्या. त्यांचं कार्डही आता तिथेच आहे.

बिघडलं ते दिवाळीच्या आसपास. खिडकीवर तीसऐवजी दहाच गोळ्या मिळाल्या. "स्टॉक आला नाही, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात मेटफॉर्मिन अजिबात नाही. "बाहेरून घ्या" म्हणाले. सरकारी योजनेच्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते हे मला ठाऊक होतं, पण दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या, रात्री एकपर्यंत मशीन, आज जाऊ उद्या जाऊ करत गोळी सुटली. तीन आठवडे. त्यात फराळ.

मग सिस्टरचा फोन आला. त्यांच्या वहीत ज्यांची तारीख उलटते त्यांच्या नावापुढे लाल खूण असते, हे मला तेव्हा कळलं. "काकू, सोळा तारखेला आला नाहीत. बऱ्या आहात ना?" खरं सांगते, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गेले तर शुगर 268. मॅडम रागावल्या, पण आधी त्यांनी स्टॉक संपल्याचं मान्य केलं. पैसे घेणाऱ्या दवाखान्यातून मला 'का आला नाहीत' म्हणून आजवर फोन आलेला नाही. गोळ्या मला कुठेही मिळतील. ही वही दुसरीकडे मिळणार नाही, म्हणून मी तिथे जाते.

बाकी अडचणी भराभर सांगते. एकदा रक्ताचा रिपोर्ट हरवला, पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, आणि हरवला कुठे याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. चौदा आकड्यांचा आभा नंबर, म्हणजे आरोग्याचा सरकारी ओळख क्रमांक, काढून दिला, पण मोठ्या हॉस्पिटलात डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीला पाठवलं तेव्हा तो कुणी विचारलाही नाही. पिवळं कार्डच दाखवावं लागलं. दोन फेऱ्या, दोन दिवस काम बंद. पडदा चांगला आहे म्हणाले. कर्करोगाची तपासणी ठरावीक दिवशीच होते आणि आडोशाचा पडदा अर्धवट असतो. मी शेजारणीला बरोबर नेलं, ती बाहेर पडदा धरून उभी राहिली. रात्री ताप चढला, छातीत दुखलं तर या केंद्राचा उपयोग नाही, कुलूप असतं. हे समजून जावं.

मागच्या महिन्यात त्या सिस्टरची बदली झाली. नवी मुलगी आली आहे, चोवीस-पंचवीसची, घाईची. तिने माझ्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायला घेतला. मी हात मागे घेतला, बाही वर सरकवली, पाय जमिनीवर टेकले आणि म्हटलं, "बाळा, पाच मिनिटं थांबूया?" ती क्षणभर बघत राहिली, मग वही उघडून माझं पान शोधायला लागली. बाही सहज वर गेली होती. दिवाळीनंतर स्वतःसाठी शिवलेले चारही ब्लाउज मी दंडात दीड इंच सैल ठेवले आहेत.