कॅननची १६-३५: एफ २.८ थ्री घ्यावी का एफ ४ आयएस, आणि काच पारखायची कशी

कॅननची वापरलेली १६-३५ एमएमची वाइड झूम लेन्स शोधणारा जो तो सध्या हेच विचारून राहिला, की भाऊ २.८ थ्री (तिसरी आवृत्ती) घेऊ का एफ ४ आयएस (हाताची थरथर सांभाळणारी) घेऊ. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड घेते. दोन्ही एल सिरीजच्या (कॅननची वरच्या दर्जाची मालिका), दोन्ही ईएफ माउंटच्या (कॅननच्या डीएसएलआरला बसणाऱ्या), आणि मिररलेस आर बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, अ‍ॅडॅप्टर लावून मस्त चालतात. त्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काचच नसते, त्यामुळे क्वालिटी उतरते वगैरे कोणी म्हणलं तर सोडून द्या. एफ ४ वाली २०१४ ची, ६१५ ग्रॅम, ७७ चा फिल्टर. थ्री २०१६ ची, ७९० ग्रॅम, ८२ चा फिल्टर. नवीन आल्या तेव्हा अमेरिकेत एक ११९९ डॉलरला आणि दुसरी २१९९ ला होती, आणि सेकंडहँडमध्ये पण थ्री भाव खातेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जास्त शार्प आहे म्हणून थ्री घेऊ नका. खरंच २.८ वर शूट करणार असाल तर घ्या, नाहीतर एफ ४ घ्या आणि उरलेल्या पैशात फ्लॅश नाहीतर चांगला ट्रायपॉड बघा. एफ ८ ला दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे प्रिंटवर ओळखू येत नाही. आपल्या नागपुरात वर्धा रोडवरच्या हॉटेलांचे आणि फ्लॅटचे इंटिरियर काढणारे सगळे ट्रायपॉडवर एफ ८ लाच काढतात, त्यांनी २.८ चे पैसे काऊन द्यायचे?

बाजारात २.८ टू पण फिरत असते, थ्रीच्या आधीची, २००७ ची. स्वस्तात मिळते म्हणून मोह होतो, पण १६ वर पूर्ण उघडी ठेवली की तिचे कोपरे मऊ येतात, थ्री काढायचं मोठं कारण तेच होतं. टू आणि एफ ४ यात निवडायचं असेल तर डोळे मिटून एफ ४.

आता काच पारखायची म्हणजे काय पाहायचं. मधला भाग पाहून काहीच कळत नाही, या दर्जाच्या लेन्सचा मध्य चांगलाच असतो. वाइड लेन्सची खरी परीक्षा काठावर, आणि काठावरचे दोष दोन प्रकारचे: जे लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एका क्लिकमध्ये काढतं आणि जे त्याला काढता येत नाहीत. कडेला जांभळी-हिरवी किनार आली, ती जाते. १६ वर सरळ रेषा बाहेर फुगतात, विधानभवनाचे खांब काठाजवळ घेतले की दिसतं, ते पण लाइटरूममधलं त्या लेन्सचं प्रोफाइल लावलं की सरळ होतं, बदल्यात कोपऱ्याची शार्पनेस जराशी जाते. दोघींतही हे आहे, त्यावर निर्णय करू नका.

कोपऱ्यातला अंधार मात्र नीट समजून घ्या, कारण थ्रीचं दुखणं हेच आहे. १६ वर २.८ ला अगदी टोकाच्या कोपऱ्यात चार स्टॉपच्या आसपास उजेड कमी पडतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). बॉडीमध्ये नाहीतर कॉम्प्युटरवर तो उचलला जातो, फोटो एकसारखा दिसतो आणि आपण खुश होतो, पण चार स्टॉप उचलणं म्हणजे सोळा पट, म्हणजे आयएसओ (हा आकडा जितका मोठा तितका फोटो दाणेदार) १६०० ला काढलेल्या फोटोचा तो कोपरा २५६०० सारखा दाणेदार झाला. मधल्या भागाला एफ ४ च्या दुप्पट उजेड मिळतो हे खरं, कोपऱ्याला तेवढा फायदा मिळत नाही. एफ ४ वालीचे कोपरे पण पूर्ण उघडल्यावर काळवंडतात, पण इतके नाही.

लग्नवाल्यांसाठी अजून एक. ग्रुप फोटोत काठावर उभे राहिलेले मामा डबल रुंद आले की लेन्सला शिव्या बसतात, पण तो लेन्सचा दोष नाहीच. १६ एमएमने फुल फ्रेमवर (३६×२४ एमएमच्या मोठ्या सेन्सरवर) सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर काठावरची गोल वस्तू ताणली जाणारच, आडव्या फ्रेमच्या अगदी कडेला डोकं जवळपास दीडपट रुंद येतं. दहा लाखाची लेन्स लावली तरी हेच होईल. मागे सरका, २४ च्या पुढे या, मामा बारीक होतात. १६-३५ घ्यायची तर त्या ३५ च्या टोकासाठी पण घ्यायची, लॉनवर ते टोक जास्त वापरात येतं.

त्याच लॉनवर रात्री डीजे चालू, लाइट जांभळा, बारात नाचून राहिली, तिथे थ्री जिंकते आणि चांगल्या फरकाने जिंकते. एफ ४ ला १/६० सेकंदाचा शटर मिळत असेल तिथे २.८ ला १/१२५ मिळतो, आणि नाचणाऱ्या माणसाला आयएसचा काहीच उपयोग नाही, आयएस तुमचा हात थांबवते, नवरदेवाचा मित्र नाही. शिवाय ५डी मार्क फोरसारख्या डीएसएलआरवर मधला फोकस पॉइंट २.८ ची लेन्स लावली की जास्त अचूक चालतो. आयएसचा फायदा देवळाच्या गाभाऱ्यात, अंधाऱ्या जुन्या वाड्यात, संध्याकाळी रस्त्यावर, जिथे समोरचं हलत नाही आणि ट्रायपॉड लावू देत नाहीत. आणि तोही पूर्ण फायदा बॉडीतच स्टॅबिलायझेशन (आयएससारखंच काम) नसेल तरच, म्हणजे ५डी, ६डी, आरपी, आर८ वगैरे. आर६ किंवा आर५ असेल तर थ्रीलाही बॉडीतून आधार मिळतो, मग एफ ४ चा हा मुद्दा अर्धा गळून पडतो. सांगायचं म्हणजे, बॉडी कोणती ते आधी पाहा, लेन्स नंतर.

तारे काढणाऱ्यांचं वेगळं आहे. आपला महाराष्ट्रातला पेंच जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेली जागा) जाहीर झाला, तेव्हापासून नागपुरातून अमावस्येला कॅमेरे घेऊन निघणारे वाढले. तिथे २० सेकंदाच्या वर गेलं की तारे रेघ व्हायला लागतात, म्हणजे वेळ वाढवता येत नाही, मग २.८ ला आयएसओ ३२०० मध्ये जे येतं त्याला एफ ४ वर ६४०० लागतं. आणि इथेच कोमा समोर येतो, कोपऱ्यातला तारा ठिपका न राहता पाकोळीसारखा पंख पसरून बसतो. हा लाइटरूमच्या प्रोफाइलने जात नाही. थ्रीने हा टूच्या मानाने खूपच आवरला आहे. तपासायला पेंचला जायची गरज नाही, रात्री मेट्रोच्या पुलावरचे दिवे लांबून कोपऱ्यात घेऊन पूर्ण उघड्या लेन्सने काढा आणि शंभर टक्के झूम करून बघा.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, कारण सेकंडहँडमध्ये मॉडेलइतकीच, कधी कधी त्याच्याहून जास्त, हातातली कॉपी महत्त्वाची. एकदा पडलेली थ्री चांगल्या एफ ४ पुढे टिकत नाही, बाहेरून चकाचक दिसली तरी. आतला एखादा काचेचा गट जरासा तिरपा झाला की एक बाजू मऊ येते, याला डीसेंटरिंग म्हणतात. बर्डीवरच्या दुकानात शोकेसकडे रोखून दोन फोटो काढून हे कळत नाही. विटांच्या भिंतीवर पण नाही, कारण कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसला की चांगली लेन्स पण एका बाजूने मऊ दिसते.

फुटाळा तलावावर जा, सकाळी सातच्या आत. एप्रिल-मे मध्ये तर नक्कीच, दहानंतर पाण्यावरची हवा अशी थरथरते की लांबचं काहीच शार्प येत नाही आणि आपण उगाच काचेला दोष देतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएस बंद, फिल्टर काढलेला, १६ एमएम, पूर्ण उघडी. समोरच्या काठावरच्या झाडांवर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मोठं करून फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका, मग हात लावायचा नाही. आता ट्रायपॉडचं बॉल हेड (कॅमेरा फिरवायचं डोकं) तिरपं करा, म्हणजे तो काठ फ्रेममध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाईल, एक फोटो. मग उलटीकडे तिरपं, दुसरा फोटो. दोन फोटोत चारही कोपरे झाले. चौघेही सारखेच थोडे मऊ असतील तर ठीक, लेन्सचा स्वभाव आहे, एफ ५.६ ला सुधारतील. तीन स्वच्छ आणि एक पुसट असेल, आणि एफ ८ ला पण तो पुसटच राहत असेल, तर परत करा, किंमत कितीही कमी सांगितली तरी. हेच ३५ वर पण एकदा करा, काही कॉपी एका टोकाला ठीक आणि दुसऱ्या टोकाला बिघडलेल्या असतात. चारही कोपरे मऊ आणि मध्य चांगला असं आलं तर एकदा कोपऱ्यावर फोकस करून पाहा, कोपरा शार्प झाला तर फोकसचं प्रतलच वाकलेलं आहे, वाइडमध्ये ते थोडंफार असतंच.

आणि दोघींपैकी कोणतीही घेतली तरी टेस्ट झाल्यावर पुढे फिल्टर लावून ठेवा, कारण झूम करताना पुढची काच बॅरलच्या आत मागेपुढे होते आणि फिल्टर लावल्याशिवाय पुढचं सीलिंग पूर्ण होत नाही. हळदीत, गुलालात, आपल्या धुळीत हे लागतंच. ८२ चा चांगला यूव्ही फिल्टर ७७ पेक्षा महाग पडतो, तेवढे पैसे बजेटमध्ये आधीच धरून ठेवा.