पॉवर ट्रान्सफॉर्मरचं ऑप्टिमायझर सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून झालं

कोणाचं आहे ते लिहित नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांचा सपोर्टवाला पोरगा बिचारा चांगला आहे. काम काय, तर टेंडर आलं की मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं पहिलं डिझाईन काढून द्यायचं. कोअर डायमीटर (मधल्या लोखंडी गाभ्याचा व्यास), टर्न्स (तारेचे वेढे), फ्लक्स डेन्सिटी (लोखंडात चुंबकत्व किती दाट), एचव्ही आणि एलव्ही (जास्त आणि कमी व्होल्टेजच्या) वाइंडिंगची वेगवेगळी करंट डेन्सिटी, विंडोची (कोअरमधल्या वाइंडिंग बसायच्या जागेची) उंची, दोन वाइंडिंगमधला गॅप, एवढंच. पण सात गोष्टींच्या दहा-दहा व्हॅल्यू धरल्या तरी १ कोटी कॉम्बिनेशन होतात, आणि आम्ही एक्सेलवर दोन दिवस घासून चार-पाच बघायचो, त्यातलं बरं दिसेल ते टेंडरला लावायचो.

आता १०० एमव्हीए, २२०/६६ केव्हीचं उदाहरण घ्या. कोअर ८०० मिलिमीटरचा ७९० केला आणि फ्लक्स डेन्सिटी १.७ टेस्लाच ठेवली तर क्षेत्रफळ अडीच टक्क्यांनी कमी, म्हणजे टर्न्स तेवढे वाढले, आणि इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा, टक्क्यांत मोजतात) टर्न्सच्या वर्गाने चालतो म्हणून तो चार-पाच टक्के वर जातो. आयईसीचा (आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचा) टॉलरन्स १० टक्क्यांवरच्या इम्पिडन्सला ±७.५ टक्केच, त्यातला अर्ध्याहून जास्त १० मिलिमीटरने खाल्ला! मग इम्पिडन्स उतरवायला विंडो उंच करा, की टाकी उंच, की ट्रेलरवर बसत नाही. आणि खरेदीदार नुसती किंमत बघत नाही, लॉसच्या (वाया जाणाऱ्या विजेच्या) प्रत्येक किलोवॅटचे पैसे त्यात धरतो, नो-लोडचा (लोड नसतानाही जाणारा) किलोवॅट जास्त महाग कारण तो चोवीस तास जळतो. हे सगळं एकदम डोक्यात धरणं माणसाचं काम नाही. सॉफ्टवेअर वीस मिनिटांत काढतं, इथे पैकीच्या पैकी मार्क.

पण मला पैसे वसूल वाटले ते वेगळ्याच कारणाने. पहिल्याच जॉबला यादी बघितली तर वरच्या पन्नास डिझाईनच्या किमतीत एक टक्क्याचाही फरक नव्हता. किमतीच्या आलेखाचा तळ सपाट आहे हो! आमचे जुने साहेब डायरीतल्या आकड्यांवरून नेहमी म्हणायचे की दोन-चार रुपयांसाठी जीव काढू नका, तेच आता स्क्रीनवर दिसलं. आम्ही ३१ नंबरचं उचललं, कारण त्याची उंची रस्त्यात अडत नव्हती आणि कंडक्टरचा साइज आमच्या नेहमीच्या सप्लायरकडे मिळत होता.

आता तक्रारी. सुरुवातीला एलव्हीचे टर्न्स २२३.६ असे यायचे, ०.६ टर्न मी कुठे गुंडाळू? ते त्यांनी नीट केलं. दुसरं, नंबर एकचं डिझाईन कायम सगळ्या लिमिटना चिकटून बसलेलं असतं, टेंपरेचर राइज काठावर, इम्पिडन्स काठावर, फ्लक्स काठावर, आणि शॉपफ्लोअरला वाइंडिंगची उंची दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाली की टेस्टिंगला घाम फुटतो. मी आता लिमिट स्वतःच आवळून देतो. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्ट्रे लॉस (गळक्या फ्लक्समुळे इकडेतिकडे होणारा) एका ठोक टक्क्याने धरतात आणि इम्पिडन्स फक्त मधल्या टॅपवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पायऱ्यांतल्या मधल्या पायरीवर) काढतात. एका जॉबला एफईएम (तुकडे पाडून कॉम्प्युटरवर केलेलं बारीक गणित) केलं तेव्हा टोकाच्या टॅपवर चित्र बरंच वेगळं निघालं, नशीब ऑर्डरच्या आधी बघितलं. शॉर्ट सर्किट फोर्सचा चेक आहे म्हणतात, पण मी त्यावर सही करणार नाही.

आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालू करायची किल्ली, कॉम्प्युटरला लावायची)! २०-२५ लोकांच्या ऑफिसात एक डोंगल, तो कुणाच्या खिशात घरी गेला की टेंडरच्या आदल्या रात्री फोनाफोनी.

नवीन पोरांना पहिले दोन जॉब हाताने करायला लावा, मगच पासवर्ड द्या, नाहीतर व्होल्ट पर टर्न विचारलं की स्क्रीनकडे बघतात. टेंडर स्टेजला ५ पैकी ४, फायनल डिझाईनला २. आम्ही रिन्यू केलंय, पण एकच सीट.